उघड्या डोक्याच्या वीराचं नाक

२ जून

मामा,

नमस्कार वाचूनच घ्या. वाकायला जागा नाही. मांडीवर फळी ठेवून लिहितेय आणि फळीच्या अर्ध्या भागावर प्लास्टर वाळतंय.

बातमी अशी की मला नाणं मिळालं! खर्चायला नव्हे, घडवायला. टाकसाळीत आल्यापासून मी नुसती कडेची अक्षरं कोरतेय. चित्र मोठ्यांचं, मधोमध. माझी अक्षरं कडेला, लग्नात लांबचे पाहुणे बसतात तशी. आता संग्राहकांसाठी चांदीच्या नाण्यांचा एक संच निघतोय, मध्ययुगातल्या शूर सरदारांच्या दंतकथांवर. चिलखतं, भाले, किल्ले, शपथा, सगळा थाट. त्यातल्या शेवटच्या नाण्याची वीराची बाजू माझ्याकडे आलीय.

गोष्ट ऐका. हा वीर ड्रॅगनशी लढायला निघाला. वाटेत विहिरीवर एक म्हातारी बसलेली, पाणी काढायला तिच्याकडे भांडं नाही. यानं डोक्यावरचं शिरस्त्राण काढून तिच्या हातात दिलं आणि तसाच बोडका नदीवर जाऊन ड्रॅगनसमोर उभा राहिला. म्हणून नाव पडलं उघड्या डोक्याचा वीर. सगळ्या संचात चेहरा दिसणारा हा एकटाच. बाकीच्यांच्या डोक्यावर लोखंडी डबे.

दुसऱ्या बाजूला ड्रॅगन आहे, तो मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे आमच्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या शिल्पकार. त्या आत आल्या की रेडिओसुद्धा आपणहून हळू बोलतो.

काल पहिली चाचणी झाली. प्रेसवाल्या दादांनी गरम गरम नाणं माझ्या हातावर ठेवलं. घोडा झकास. भाला झकास. केस वाऱ्यावर उडतायत. आणि नाक नाही. मामा, अगदीच नाही. डोळे संपले की थेट तोंड. पुढच्या महिन्याच्या अखेरीस नाणं समितीपुढे ठेवायचंय. तोवर नाक आलं नाही तर ते संचातून गळणार आणि मी परत कडेला.

काहीतरी सुचवा ना. कोरायला तुम्हीच शिकवलंत.

तुमची,
खारू


९ जून

खारूताई,

तुझं पत्र वाचून मी इतक्या मोठ्यानं ‘शाब्बास’ म्हणालो की तुझ्या मामीच्या विणकामातला टाका सुटला. तो उसवून परत घालेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, “पोरगी नाणी पाडायला लागली. आता दुकानदारानं सुट्या पैशांऐवजी गोळी पुढे केली तर घ्यायची नाही.”

आता नाकाचं. मी आयुष्यभर रबरी शिक्के केले हे तुला माहीत आहेच. एखादं अक्षर कागदावर उठत नसेल तर मी काय करायचो? सुरी परजायचो आणि आणखी खोल खणायचो. तूही तेच कर. न घाबरता नाक खण.

ते जमलं नाही तर दुसरी युक्ती सांगतो. म्हातारीला एक बादली देऊन टाक आणि याच्या डोक्यावर शिरस्त्राण घाल. नाकाचा प्रश्न झाकला जाईल. दंतकथा घडताना बघायला कोण हजर होतं?

मागच्या बाजूच्या ड्रॅगनचं तू मधेच कशाला सांगितलंस, कळलं नाही. माझ्या शिक्क्यांना मागे लाकडी मूठ असायची. ती कधी मधे तोंड घालत नसे.

मामी विचारते, जेवतेस ना वेळेवर?

तुझा,
मामा


१६ जून

मामा,

खणलं. आता नाकाबरोबर वरचा ओठही गेला. खोलीतले सगळे माझ्या वीराला ‘सपाट सरदार’ म्हणायला लागलेत.

तुमची लाकडी मूठ गप्प असेल, माझी नाही. नाणं म्हणजे दोन ठशांच्या चिमटीत सापडलेली चकती. वरून वीराचा ठसा दाबतो, खालून ड्रॅगनचा, एकाच दणक्यात. चांदी बिचारी दोन्हीकडे धावते. ठशात जिथे मोठा खड्डा, तिथे ती आधी जाते. मोठ्या बाईंच्या ड्रॅगनला हे एवढं पोट आहे आणि ते नेमकं माझ्या वीराच्या नाकामागे येतं. सगळी चांदी पोटात. नाकापर्यंत पोचायला काही उरतच नाही. मी नाक जितकं खोल खणेन तितकी त्याला जास्त चांदी लागणार, म्हणजे आणखीच उपासमार.

शिरस्त्राण घालता येत नाही. उघडं डोकं हीच त्याची कथा. वीराला बाजूला सरकवून पाहिलं, तर घोड्याचं डोकं पोटामागे आलं आणि घोडा सपाट झाला.

शेवटी धीर करून मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, “बाई, ड्रॅगनचं पोट थोडं कमी करता येईल का?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, “माझा ड्रॅगन उपाशी राहणार नाही.” आणि परत कामाला लागल्या. विषय संपला.

जाऊ दे. अक्षरं काही वाईट नसतात. कडेला बसून सगळं दिसतं तरी. मला तसं फार काही वाटत नाहीये, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

खारू


१९ जून

ड्रॅगनकर्त्या मोठ्या बाईंना,

आपली ओळख नाही, तरी लिहितो. आपल्या खोलीत जी मुलगी वीराचं नाक शोधते आहे तिचा मी मामा. ‘मला फार काही वाटत नाही’ असं तिनं मला लिहिलं आहे. लहानपणी गुडघा फुटला की ती हेच म्हणायची आणि मग माळ्यावर जाऊन बसायची.

बाईसाहेब, एका बाजूला एका तरुण वीराची अब्रू आहे आणि दुसऱ्या बाजूला एक पोट. आपण कलावंत आहात. न्याय कुठे आहे हे मी सांगायला नको. आपल्या ड्रॅगनाला पोट आत घ्यायला सांगा. आम्ही फोटो काढताना घेतोच की.

जुन्या काळचे सरदार आव्हान देताना समोरच्यापुढे हातमोजा टाकत, असं मी वाचलं आहे. माझ्याकडे बायकोनं विणलेली एक जोडी होती, त्यातला एक हरवला. उरलेला सोबत पाठवत आहे. आव्हान झालं असं समजावं.

आदर राखून, पण मागे न हटता,
मुलीचा मामा (शिक्केवाले)


२५ जून

शिक्केवाल्या मामांना,

पत्र आणि हातमोजा दोन्ही मिळाले. आव्हान स्वीकारता येत नाही. माझ्यापाशी घोडा नाही आणि गुडघ्यांपैकी एकच चालतो. हातमोज्याचा अंगठा उसवलेला होता. शिवून परत पाठवत आहे.

पोटाबद्दल. मी आजवर राजे केले, किल्ले केले, पूल आणि धरणे केली. राजाचे चित्र करताना राजाची माणसे मागे उभी राहतात: हनुवटी थोडी कमी करा, टक्कल झाका. ड्रॅगनच्या मागे कोणी उभे नव्हते. सगळ्या नोकरीत हा एकच प्राणी मी माझ्या मनासारखा केला. त्याच्या पोटात श्वास आहे. हात लावाल तर हलेल असे वाटते. ते चपटे केले तर तो मेलेला दिसेल. सप्टेंबरात मी निवृत्त होते. मेलेला प्राणी मागे ठेवून मला जायचे नाही.

आणखी एक. वीराची बाजू आपल्या भाचीला द्यावी, असे समितीला मीच सांगितले. तिला हे ठाऊक नाही. आपण सांगू नये.

‘पोट आत घ्यायला सांगा’ हे वाक्य आमच्या खोलीत वाचून दाखवण्याचा मोह मला आवरेल, असे वाटत नाही.

मोठ्या बाई


२७ जून

मामा!

तुम्ही परस्पर मोठ्या बाईंना पत्र लिहिलंत? आणि हातमोजा पाठवलात? त्यांनी आज सगळ्यांसमोर विचारलं, “तुझे मामा हिवाळ्यात एकच हात बाहेर काढतात का?” जमीन दुभंगली असती तर मी उडीच मारली असती.

मी काय मनोऱ्यात कोंडलेली राजकन्या आहे? माझं भांडण मला भांडता येतं. तुम्हाला सांगितलं ते मन मोकळं करायला, तुम्ही घोड्यावर बसावं म्हणून नव्हे.

आता काही दिवस मला लिहू नका.


१ जुलै

खारू,

लिहू नको म्हणालीस म्हणून हे पत्र फार छोटं आहे. चुकलो.

मामी म्हणते, तिनं विणलेला हातमोजा तिला न विचारता लढाईवर धाडला याचा हिशेब वेगळा होईल.

मामा


१० जुलै

खारू,

हे आधीच्यापेक्षाही छोटं आहे. बोलशील ना?

मामा


१८ जुलै

मामा,

बोलते. बोलल्याशिवाय राहवणार नाही असं काहीतरी घडलंय.

परवा प्रेसवर आणखी एक चाचणी होती. प्रेसवाले दादा ठसे बसवत होते. मी वीराचं नाक जरा बसकं करून आणलं होतं, पोटभर नाही तर निदान चवीपुरतं तरी येईल म्हणून. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, चष्मा चढवला, पर्समधून तुमचं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

“‘ड्रॅगनाला पोट आत घ्यायला सांगा. आम्ही फोटो काढताना घेतोच की.’ ऐकलंत का दादा?”

दादांचा पाना हातातून पडला.

मी म्हटलं, “बाई, त्यांना नाण्यातलं काही कळत नाही.”

“ते दिसतंच आहे. पोटातलं मात्र कळतं. खाऊनपिऊन सुखी माणूस असणार.”

“त्यांनी लिहायला नको होतं. पण त्यांचं म्हणणं खोटं नाही.”

“म्हणजे मामांच्या मागे तू आहेस?”

“मागे नाही. मी पुढेच होते, ते मधे घुसले.”

“मग पुढे आहेस तर तुझ्या वीराला खाली उतरव.”

“खाली नदी आहे, बुडेल तो.”

“बुडू दे. ओल्या माणसाचं नाक कोण बघतं?”

“आणि ड्रॅगन हसून हसून पाठीवर पडला तर?”

“माझा ड्रॅगन असल्या विनोदांना हसत नाही!”

मामा, मी मोठ्या बाईंशी असं बोलले. माझा माझ्यावर विश्वास बसेना. दादा तर डोळे पुसत होते, खांदे गदागदा हलत होते. तशातच त्यांनी खालचा ठसा बसवला, बोल्ट आवळला आणि बटण दाबलं. धाडकन आवाज झाला. नाणं उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

नाक होतं. अख्खं! टोक, नाकपुड्या, मधला छोटा उंचवटासुद्धा. मी ओरडलेच.

मोठ्या बाईंनी माझ्या हातातून नाणं घेतलं आणि उलटलं. त्यांचा ड्रॅगन पाय वर करून पाठीवर पडला होता.

आमच्या टाकसाळीची रीत अशी की नाणं पुस्तकाच्या पानासारखं बाजूनं उलटलं तर दोन्ही चित्रं उभी दिसली पाहिजेत. दादांनी हसण्याच्या भरात खालचा ठसा उलटा बसवला. खालचं वर झालं, डावीकडचं उजवीकडे. पोट गेलं नदीच्या सपाट पाण्यामागे आणि नाकामागे आलं नुसतं शेपटीचं टोक. चांदीला धावायला जागाच जागा.

दादांनी जीभ चावली. बाईंनी ड्रॅगनच्या पोटावरून अंगठा फिरवला. मग ते पर्सशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, “ठसा सरळ करा.” आणि गेल्या.

दादांनी ठसा सरळ केला. नाक गेलं.

मग दादांनी हळूच सांगितलं की हे बाईंचं शेवटचं काम आहे. मला माहीतच नव्हतं. त्यांच्याकडे ड्रॅगन उलटा ठेवा म्हणून मागायचं कोणत्या तोंडानं? शेवटची निशाणी म्हणून कोणाचा प्राणी पाय वर करून संग्राहकांच्या घरी पाठवायचा? मी नाही मागणार. समितीपुढे बिननाकाचंच ठेवीन. गळलं तर गळलं.

आणि खरं सांगू, या वेळी मला खूप वाटतंय.

तुमची,
खारू


२२ जुलै

खारूताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पेन घेऊन मोठ्या बाईंना लिहायला बसलो होतो. मामीनं पेन काढून घेतलं आणि तिच्या लोकरीच्या पिशवीत टाकलं. हे पेन्सिलीनं लिहितोय, तेही फक्त तुला, असं कबूल करून. या खेपेला मी घोड्यावरून उतरलो.

एवढंच सांगतो, आणि सांगू नका असं बजावलेलं असतानाही सांगतो: वीराची बाजू तुला द्या, असं समितीला मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं. तू काय ठरवायचंस ते तू ठरव. माझ्याकडून सल्ला नाही. माझ्या मागच्या सल्ल्यानं वीराचा ओठ गेला, तेवढा पुरे.

तू मागणार नाहीस हे वाचून मामी म्हणाली, “पोरगी शहाणी निघाली, कोणावर गेली कोण जाणे.”

तुझा,
मामा


२ ऑगस्ट

मामा,

सगळं क्रमानं सांगते, नाहीतर मीच गोंधळेन.

समिती लांब टेबलाभोवती बसली होती. मखमलीच्या ताटलीत संचातली सगळी नाणी रांगेनं मांडलेली, शेवटी माझा बिननाकाचा. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं: ‘माफ करा, हे जमलं नाही.’ अध्यक्षांचा हात पहिल्या नाण्यापासून पुढे सरकत होता. तो माझ्या नाण्यापाशी पोचायच्या आत मोठ्या बाईंनी पुढे वाकून माझं नाणं उचललं आणि त्या जागी पर्समधून काढलेलं दुसरं ठेवलं. पाठीवर पडलेल्या ड्रॅगनवालं.

अध्यक्षांनी वीर पाहिला. “वा, चेहरा छान उतरलाय.” मग पान उलटावं तसं नाणं उलटलं आणि भुवया वर गेल्या. “हा ड्रॅगन उलटा आहे. चूक झाली का?”

मामा, मी बाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. माझ्या नाकासाठी त्यांचा ड्रॅगन चारचौघांत पडलेला मला बघवेना. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “हो, चू...”

“चूक कसली?” मोठ्या बाई कडाडल्या. “लढाई संपलीय. हरलेला ड्रॅगन उभा राहील का?”

अध्यक्ष नाण्याकडे बघत बसले. मग त्यांनी सहज ते खालून वर उलटलं, आणि ड्रॅगन चारी पायांवर उभा, फुगलेलं पोट, उघडा जबडा.

“अरे!” ते म्हणाले. “हा तर उभा राहिला.”

“ही लढाईच्या आधीची वेळ,” बाई म्हणाल्या. “एकाच ठशात दोन प्रसंग. संग्राहक दोन-दोन तास फिरवत बसतील.”

खरंच बसले. समितीतले एकेक जण नाणं हातात घेऊन बाजूनं फिरवायचा, मग खालून फिरवायचा, मग शेजाऱ्याला सांगायचा, ‘थांब, तुझं चुकतंय, असं नाही, असं.’ चहा निवला तरी कोणाचं लक्ष नव्हतं. नाणं मंजूर झालं. पुढच्या संचातलंही एक मला मिळालंय.

बाहेर आल्यावर बाईंनीच विचारलं, “आत काय म्हणणार होतीस तू?”

“चूक आहे म्हणणार होते.”

“हं. मूर्ख आहेस.” मग दोन पावलं गेल्यावर, “पोट पाहिलंस का नीट? पाठीवर पडलाय, पण श्वास चालू आहे त्याचा.”

“पाहिलं, बाई. हलतंय.”

त्यांनी मान डोलावली आणि एकाच गुडघ्यावर भार देत जिना उतरायला लागल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. वाटेत एवढंच म्हणाल्या, “तुझ्या मामांना कळव. नाहीतर ते दुसराही हातमोजा शोधून काढतील.”

तुमची,
खारू


७ ऑगस्ट

मोठ्या बाईंना,

या वेळी पाकिटात हातमोजा नाही, फक्त आभार आहेत आणि ते पाकिटात मावत नाहीत.

खारूनं एक चाचणी नाणं रीतसर परवानगी काढून आम्हाला पाठवलं. आमच्या घरी दोन दिवस दुसरं काम झालेलं नाही. मी बाजूनं फिरवतो, वीर जिंकतो. बायको खालून फिरवते, ड्रॅगन उठून उभा राहतो. त्यावरून आमची लढाई सुरू आहे आणि कोणी हटायला तयार नाही. शेजारी येतात, तेही एकेका बाजूला जाऊन मिळतात.

हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून विचारतो. आपण सगळ्या नोकरीत मनासारखा केलेला हा एकच प्राणी. तो असा जगाच्या हातात पाठीवर पडलेला जाणार. आपल्याला वाईट वाटत नाही का?

आपला,
शिक्केवाला मामा


१२ ऑगस्ट

शिक्केवाल्या मामांना,

मी ते नाणे नेहमी खालून वर फिरवते. ते दुसऱ्या तऱ्हेने फिरवता येते, असे लोक म्हणतात. मला ठाऊक नाही.

मोठ्या बाई